कंपोतमध्ये सात आठवडे: घर, मिरी आणि जमीन

कंबोडियाच्या दक्षिणेला, समुद्रापासून थोडे आत, तुक छू नदीच्या काठी कंपोत नावाचे लहानसे शहर आहे. कोल्हापुरातील एका सल्लागार संस्थेमार्फत आम्ही उभयता २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथे सात आठवडे राहून आलो. राहणे, फिरणे आणि गुंतवणूक अशी तीन अंगे असलेली ही सेवा आहे. विमानाची तिकिटे, व्हिसाची कागदपत्रे, नदीकाठचे भाड्याचे घर, आसपासचा प्रवास आणि शेवटी जमिनी व मिरीच्या बागा दाखवण्याचे तीन दिवस, एवढे सगळे तिच्या शुल्कात येते. राजारामपुरीतील एका सभागृहात या योजनेची सभा झाली, तेव्हा माझ्या ओळखीचे दोन डॉक्टर, एक निवृत्त अभियंता आणि मार्केट यार्डातील चार व्यापारी तेथे होते. त्यांपैकी बहुतेकांचा निर्णय अजून व्हायचा आहे आणि आम्ही परतल्यापासून ते मला सारखे विचारत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. असेच प्रस्ताव घेऊन इतरही मंडळी कोल्हापूर-सांगलीत फिरत आहेत आणि पुढे मांडलेले प्रश्न त्यांतल्या प्रत्येकाला विचारावे लागतील, तेव्हा एकाचे नाव घेऊन बाकीच्यांना मोकळे सोडणे मला योग्य वाटत नाही.

माझा व्यवसाय गुळाच्या अडतीचा. वडिलांपासूनची पेढी आता चिरंजीव पाहतात. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग, चव आणि कडकपणा पाहून सौदे करण्यात चाळीस वर्षे गेली, त्यामुळे माल आधी हातात घेऊन पाहायचा आणि मग कागद पाहायचा ही सवय अंगात मुरलेली आहे. तीच सवय कंपोतलाही सोबत आली.

कोल्हापूरहून मुंबई, मुंबईहून बँकॉक आणि तेथून नॉम पेन्ह असा आमचा प्रवास झाला. नॉम पेन्ह ते कंपोत हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. संस्थेची गाडी विमानतळावर वेळेवर हजर होती आणि ठरलेल्या रकमेपेक्षा एक डॉलरही जास्त मागितला गेला नाही. आम्ही उतरलो तो राजधानीतला जुना विमानतळ होता. २०२५ च्या सप्टेंबरपासून शहराच्या दक्षिणेला तेचो हा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्याने कंपोतला जाणाऱ्यांना राजधानीची गर्दी टाळता येईल. परतताना आम्ही मुद्दाम रेल्वेने नॉम पेन्हला आलो. सिहानुकव्हिल, कंपोत, ताकेव आणि नॉम पेन्ह या मार्गावरची प्रवासी गाडी अनेक वर्षे बंद राहिल्यानंतर २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती सावकाश चालते, परंतु दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, बांधाबांधावर उभे ताड आणि मधूनच दिसणारी विहारांची सोनेरी शिखरे पाहत बसण्यासारखा दुसरा प्रवास या सात आठवड्यांत झाला नाही. थायलंडमार्गे रस्त्याने कंबोडियात उतरण्याचा बेत मात्र सध्या करू नये. २०२५ च्या जुलैमध्ये दोन्ही देशांच्या सीमेवर सशस्त्र चकमकी झाल्या आहेत. कंपोत त्या भागापासून दूर असले तरी तिकिटे काढण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचून घ्याव्यात.

घराबद्दल मला मोकळ्या मनाने चांगलेच लिहायचे आहे. मुख्य शहर नदीच्या पूर्व काठावर आहे आणि आमचे घर पश्चिम काठावर, जुन्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर होते. हा पूल फ्रेंचांच्या काळातला. युद्धाच्या वर्षांत तो तुटला आणि पुढे मिळेल त्या साहित्याने जोडला गेला, म्हणून त्याचे गाळे एकमेकांसारखे नाहीत. घर लाकडी, उंच खांबांवर उभारलेले, वर दोन खोल्या आणि खाली मोकळी सावली, अशी तिकडची जुनी पद्धत. घरमालकीण पन्नाशीच्या आहेत. त्यांना आम्ही ‘बोंग’ म्हणू लागलो. वयाने मोठ्या भावाबहिणीसाठीचा हा ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतला, शब्द परक्यालाही आदराने लावतात. त्या मला ‘ता’ म्हणजे आजोबा आणि सौ.ना ‘यिय’ म्हणजे आजी म्हणत. सकाळी भेटल्यावर ‘सोक सबाय’ असे विचारण्याची तेथे रीत आहे, आणि त्यातला पहिला शब्द आपला ‘सुख’ आहे हे कळल्यापासून सौ. रोज त्यांच्या आधीच विचारू लागल्या.

नदीकाठचे घर म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या मनात पहिला प्रश्न पुराचाच येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने जे दाखवले ते पाहिलेला माणूस नदीच्या शोभेवर घर ठरवत नाही. मी पहिल्याच दिवशी बोंगना पाण्याची खूण विचारली आणि त्यांनी न बोलता खांबावरची रेघ दाखवली. ती माझ्या कमरेइतक्या उंचीवर होती आणि राहण्याचा मजला तिच्या बराच वर. नदीच्या वरच्या अंगाला कामचाय धरण असून तेथे २०११ पासून १९३ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे, त्यामुळे राधानगरीचे दरवाजे उघडल्याच्या बातमीवर आपण जसे कान ठेवतो तसे तेथेही ठेवतात. काठावर नवी बांधलेली काही सिमेंटची घरे मी पाहिली, ज्यांची जमिनीलगतची खोली सरळ नदीच्या पातळीला उघडते. भाडे कमी असले तरी पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर या काळात, तशी खोली घेऊ नये.

घरातील उणिवाही सांगायला हव्यात. माहितीपत्रकात ‘भारतीय स्वयंपाकाची सोय’ असे छापले होते, प्रत्यक्षात एक शेगडी आणि दोन पातेली होती. सौ.नी पोळपाट-लाटणे, मसाले आणि कांदा-लसूण चटणी घरून नेली होती म्हणून निभावले. मच्छरदाणी फाटकी निघाली आणि संस्थेच्या माणसाला तीन वेळा सांगूनही ती बदलली गेली नाही, शेवटी बोंगनीच बाजारातून नवी आणून दिली. कोरड्या ऋतूत तेथे लग्नांचा हंगाम असतो आणि पहाटेपासून ध्वनिक्षेपक चालू होतो, ज्याची झोप सावध आहे त्याने हे आधीच जाणून असावे. जे पूर्ण शाकाहारी आहेत त्यांना बाहेरचे जेवण अवघड जाईल, कारण माशाचा रस्सा किंवा आंबवलेली मासळी दिसत नसली तरी भाजीत असते.

पैशांच्या व्यवहारात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल असा हिशेब असून सुटे पैसे रिएलमध्ये परत मिळतात. डॉलरची नोट किंचित फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली असेल तर ती कोणी घेत नाही, म्हणून कोल्हापुरात नोटा घेतानाच एकेक उलटून पाहावी. पर्यटक व्हिसा तीस दिवसांचा असतो आणि एकदाच वाढवून मिळतो; त्याहून जास्त राहायचे तर ‘ई’ प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो. आमची मुदतवाढ संस्थेने वेळेत करून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. साध्या दुखण्याला शहरात दवाखाने आहेत, परंतु हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी गंभीर प्रसंगी नॉम पेन्ह गाठावे लागेल हे धरून चालावे. सभेत एका गृहस्थाने नोकरीसाठी मुलाला पाठवण्याबद्दल विचारले होते आणि त्यांना फार गुळमुळीत उत्तर मिळाले. मी स्पष्ट लिहितो: संगणकावरील कामाच्या मोठ्या पगाराचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना कंबोडियात नेण्याचे आणि तेथे सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपण्याचे प्रकार घडलेले आहेत, भारत सरकारने त्याबद्दल इशारे दिलेले आहेत आणि पर्यटक व्हिसावर नोकरीला कोणीही जाऊ नये.

फिरण्याच्या भागात बोकोरचा डोंगर सर्वजण दाखवतात. एक हजार मीटरहून उंच असलेल्या त्या पठारावर फ्रेंचांनी थंड हवेचे ठिकाण वसवले आणि १९२५ मध्ये मोठे हॉटेल उघडले. पन्हाळ्यासारखे धुके तेथे दुपारीही उतरते, पण नव्या बांधकामांनी जागा बेढब होत चालली आहे. मला अधिक मोलाचे वाटले ते नोम छ्ङोक येथील गुहेतले मंदिर. शहराच्या बाहेर भातशेतात एकटा उभा असलेला चुनखडीचा डोंगर, त्याच्या पोटात गुहा आणि त्या गुहेत अंकोरच्याही आधीच्या काळातले, भाजलेल्या विटांचे शिवाचे छोटे मंदिर. छतावरून झिरपणारे पाणी आणि वाढत जाणारे चुन्याचे खांब आता त्या विटांना टेकले आहेत. संस्थेच्या कार्यक्रमात या जागेला अर्धा तास दिला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने टुकटुक करून पुन्हा गेलो आणि सौ.नी नेलेला बेल नव्हे, तर शेतकऱ्याच्या मुलीने दिलेली चाफ्याची फुले वाहिली.

वाटेत मिठागरे लागतात. समुद्राचे पाणी चौकोनी वाफ्यांत घेऊन, उन्हात आटवून, खांद्यावरच्या कावडीने मीठ वाहून नेण्याचे काम कोरड्या महिन्यांत चालते. तेथून केप या किनाऱ्यावरच्या गावाचा खेकडाबाजार फार दूर नाही. टोपल्यांतून जिवंत खेकडे वर काढतात, तिथेच वजन करतात आणि हिरव्या मिरीच्या घोसांसह परतून देतात. तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्या माणसाच्या जिभेलाही त्या मिरीचा तिखटपणा वेगळा वाटतो, कारण तो घशाला न लागता नाकाकडे जातो.

मिरीबद्दल जास्त लिहितो, कारण माझ्या दृष्टीने कंपोतला जाण्याचे खरे कारण तीच आहे. ख्मेर भाषेत तिला ‘म्रेच’ म्हणतात; संस्कृतातल्या ‘मरिच’ची ती नात आहे. चिनी वंशाच्या शेतकऱ्यांनी वाढवलेल्या आणि फ्रेंच काळात युरोपपर्यंत पोहोचलेल्या या बागा १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत जवळजवळ संपल्या, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पुन्हा लावल्या. २०१० मध्ये कंबोडियात आणि २०१६ मध्ये युरोपीय संघात कंपोत मिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे कोकणात वेल पोफळीवर चढवतात, तिकडे लाकडी खांब रोवून त्यावर चढवतात आणि कोवळ्या वेलावर झावळ्यांची सावली धरतात. काळी, तांबडी, पांढरी आणि हिरवी ही चार नावे एकाच वेलाच्या फळांची आहेत. कच्चा घोस ताजा वापरला तर हिरवी, पक्व होण्याआधी तोडून उन्हात वाळवला तर काळी, पूर्ण पिकल्यावर एकेक दाणा निवडून वाळवला तर तांबडी आणि पिकलेल्या दाण्याची साल भिजवून काढली तर पांढरी.

संस्थेने दाखवलेल्या बागेत आम्हाला थंड पेय आणि चित्रफीत मिळाली, पण कामावरचा माणूस भेटला नाही. म्हणून बोंगच्या भावाबरोबर एका लहान शेतकऱ्याकडे गेलो. तोडणी नुकतीच सुरू झाली होती आणि अंगणात त्यांची आई चटईवर मिरी पसरून चिमट्याने देठ आणि फुटके दाणे वेचत होती. मी एक मूठ मिरी हातात घेतली, वजन जोखले, दोन दाणे दाताखाली फोडले. तांबड्या मिरीत आधी पिकल्या फळाचा गोडवा येतो आणि तिखट नंतर. तो शेतकरी उत्पादकांच्या संघटनेचा सभासद होता, रासायनिक कीटकनाशक न वापरण्याचा नियम त्याच्यावर बंधनकारक होता आणि पिशवीवर संघटनेचे चिन्ह नसलेली मिरी कंपोतची म्हणून विकत घेऊ नका, हे त्यानेच आम्हाला बजावले. शेजारच्या देशांतली स्वस्त मिरी कंपोतच्या नावाने विकली जाते ही त्याची तक्रार ऐकून मला आमचे यार्ड आठवले. कोल्हापुरी गुळालाही २०१४ मध्ये मानांकन मिळाले आहे आणि बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवला जातो ही आमची तक्रार तितकीच जुनी आहे. त्याच अंगणात ताडगूळही पाहिला. ताडाच्या फुलोऱ्यातून उतरवलेला रस रुंद कढईत आटवून, घोटून, घट्ट लोण्यासारखा करतात. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीसमोर उभ्या असलेल्या गुळव्याला तो धूर आणि तो वास ओळखीचा वाटेल. कंपोंग स्पू प्रांतातील ताडसाखरेला मिरीबरोबरच २०१० मध्ये मानांकन मिळालेले आहे.

आता गुंतवणुकीचे तीन दिवस. येथे मला या सेवेबद्दल गंभीर तक्रार आहे.

कंबोडियाच्या राज्यघटनेच्या ४४ व्या कलमानुसार जमिनीची मालकी तेथील नागरिकांना आणि तेथील कायदेशीर संस्थांनाच मिळू शकते. हे सभेत सांगितले गेले नाही आणि माहितीपत्रकातही नव्हते. नदीकाठच्या जमिनीवर उभे राहून मी विचारले, तेव्हा एजंटने सांगितले की जमीन एका स्थानिक माणसाच्या नावावर राहील, त्याच्याशी आपण खासगी करार करू, सगळे असेच करतात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या जमिनींचे पुढे काय झाले हे करवीर तालुक्यातल्या कोणत्याही वकिलाला विचारावे. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या नात्यात जे निभावले नाही, ते परदेशात अनोळखी माणसाच्या भरवशावर निभावेल असे मानून आयुष्याची पुंजी लावायला सांगणे मला फार चुकीचे वाटले आणि मी तसे तिथेच सांगितले.

कायदेशीर वाट नाही असे नाही. परदेशी माणसाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा घेता येतो. पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक आणि जास्तीत जास्त पन्नास वर्षांचा असा पट्टा लेखी करून भूमी कार्यालयात नोंदवता येतो. २०१० च्या कायद्याने इमारतीतील सदनिका परदेशी व्यक्तीच्या नावावर होऊ शकते, मात्र ती तळमजल्यावर नसावी आणि एका इमारतीत परदेशी मालकीचा वाटा ७० टक्क्यांच्या आत असावा. जमिनीचे कागदही दोन प्रकारचे आहेत. एक पक्का, राष्ट्रीय नोंदवहीत चढलेला, आणि दुसरा कच्चा, ज्यावर स्थानिक कार्यालयाचा शिक्का तेवढा असतो. आपल्याकडे नोटरीपुढे झालेला व्यवहार आणि सातबारावर चढलेले नाव यांत जो फरक आहे, तोच हा. आम्हाला दाखवलेल्या तीन जागांपैकी दोन जागांचे कागद कच्चे निघाले.

भाव वाढण्याचे कारण म्हणून फुनान तेचो कालव्याचा नकाशा दाखवला गेला. मेकाँग नदीकडून केपच्या किनाऱ्यापर्यंत हा कालवा नियोजित असून २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कामाचा आरंभ झाला, हे खरे आहे. परंतु कालवा पूर्ण होण्याआधीच त्याची किंमत जमिनीत मिळवून मागितली जात होती. शेजारच्या सिहानुकव्हिलमध्ये कॅसिनोच्या भरभराटीवर उभ्या राहू लागलेल्या आणि २०१९ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी आल्यानंतर अर्धवट राहिलेल्या इमारतींचे सांगाडे याच एजंटने गाडीतून जाताना दाखवले नाहीत, ते मी नंतर स्वतः जाऊन पाहिले.

शेवटचा प्रस्ताव मिरीच्या बागेतील वाट्याचा होता, वर्षाला बारा टक्के परतावा सांगितला गेला. मी तीन गोष्टी मागितल्या: वेलांची संख्या, बाग संघटनेची सभासद असल्याचा पुरावा आणि मागील तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या पावत्या. पट्ट्या शेवटपर्यंत दाखवल्या गेल्या नाहीत. वेल लावल्यावर पहिले पीक यायला तिसरे वर्ष उजाडते आणि जगातला सर्वांत मोठा मिरी उत्पादक व्हिएतनाम सीमेपलीकडेच आहे, तेव्हा ठरलेला परतावा कोणत्या भावावर मोजला हे विचारल्यावरही उत्तर मिळाले नाही. ज्या पेढीवर पट्टी दाखवत नाहीत, तिच्याकडे माल घालायचा नाही, असे वडील सांगत.

इकडच्या कायद्याबद्दलही संस्थेने अर्धेच सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या, योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. मात्र १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वर, गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर रक्कम अडकून राहते. परदेशातील मालमत्ता आयकर विवरणपत्रात दरवर्षी दाखवावी लागते आणि न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ज्यांना पट्टा किंवा सदनिका घ्यायचीच आहे त्यांनी आधी कोल्हापुरात आपल्या सनदी लेखापालाकडे आणि मग नॉम पेन्हमध्ये, एजंटने सुचवलेला नसलेल्या वकिलाकडे जावे.

संस्थेचे घर, प्रवास आणि व्हिसा यांच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. गुंतवणुकीच्या भागाला एकही देत नाही. संस्थेला मी हे लेखी कळवले असून पुढील सभेत राज्यघटनेतील कलम सुरुवातीलाच सांगावे अशी विनंती केली आहे.

येत्या जानेवारीसाठी ते घर आम्ही बोंगकडून थेट दोन महिन्यांसाठी ठरवले आहे, महिना साडेतीनशे डॉलर भाड्याने. जे जाणार असतील त्यांनी वरची पूर्वेकडची खोली मागून घ्यावी, कारण पश्चिमेच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. बोंगनी अनामत मागितली नाही. त्यांनी आमच्याकडून पाच किलोचा गुळाचा रवा तेवढा मागितला आहे, कारण त्यांना उसाचा आणि ताडाचा गूळ शेजारी ठेवून चाखून पाहायचा आहे. चिरंजीवांनी तो शिरोळच्या गुऱ्हाळावर आत्ताच सांगून ठेवला आहे.